आशेच्या ओळींचा पत्ता

सूर्य दिसत नसला तरी माझा सूर्यावर विश्वास आहे, प्रेम जाणवत नसलं तरी प्रेमावर आहे, देव गप्प असला तरी देवावर आहे. मजकूर एवढाच. युरोप-अमेरिकेतल्या अनेक संगीतकारांनी त्याला चाली लावल्या आहेत. नॉर्वेच्या किम आंद्रे आर्नेसन यांनी २०११ मध्ये त्रोंदहाइमच्या सेंट ओलाव्ह महोत्सवासाठी बांधलेली चाल त्यांत बरीच गाजली. वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजांवर उभी, जेमतेम पाच मिनिटांची. शाळा-कॉलेजांच्या कॉयरपासून व्यावसायिक वृंदांपर्यंत सगळे ती गातात, आणि ती सुंदर आहे हे आधीच मान्य करतो. पण गाणं सुरू होण्यापूर्वी कुणीतरी माइकवर येऊन सांगतं, नाहीतर कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं, की या ओळी एका ज्यू कैद्यानं ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या भिंतीवर कोरल्या होत्या. सभागृहात तिथंच शांतता पसरते. पहिला सूर लागायच्या आत निम्मं काम झालेलं असतं.

ऑशविट्झमध्ये अशी भिंत असल्याचा काहीही पुरावा नाही. या ओळींचे जुने उल्लेख महायुद्ध संपल्याच्या सुमाराचे आहेत, आणि ते जर्मनीतल्या कोलोन शहराकडे बोट दाखवतात. तिथं जमिनीखालच्या एका जागेत काही ज्यू नाझींपासून लपून राहिले होते, तिथल्या भिंतीवर हा मजकूर होता, असं ते उल्लेख सांगतात. लिहिणाऱ्याचं नाव नाही. पुढं ओळी हातोहात फिरत गेल्या, तसं तळघराची छळछावणी झाली आणि लपलेल्या माणसाचा कैदी झाला.

यात काय बिघडलं, असं कुणी विचारेल. तळघर काय आणि छावणी काय, मरण दोन्हीकडे दाराशी होतंच. माझ्या मते बरंच बिघडतं. कोलोनसारख्या शहरात महिनोन् महिने कुणी लपून राहतं तेव्हा त्याला लपवणारंही कुणीतरी असतं. शिधापत्रिकेवरच्या तुटपुंज्या अन्नातून कुणीतरी त्याला घास देतं, शेजाऱ्यांपासून गोष्ट दडवतं, पकडलं गेलं तर आपलंही काय होईल हे ओळखून असतं. प्रेम जाणवत नसलं तरी त्यावर विश्वास आहे, ही ओळ अशा तळघरात बसून वाचली की तिला वेगळंच वजन येतं. ऑशविट्झचा शिक्का मारला की लपवणारी माणसं चित्रातून नाहीशी होतात. उरतो एकटा कैदी, त्याचा देव आणि आपले पाणावलेले डोळे.

चुकीचा पत्ता चिकटतो कसा, हे मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. पुलंनी आणि वपुंनी कधीच न लिहिलेले मजकूर त्यांच्या नावानं रोज सकाळी आपल्या फोनवर येऊन पडतात. नाव मोठं असलं की मजकूर भारदस्त वाटतो. युद्धकाळातल्या मजकुरांच्या बाबतीत ऑशविट्झ हे असंच मोठं नाव झालं आहे. नागालँडमधल्या कोहिमाच्या युद्धस्मारकावरच्या प्रसिद्ध ओळींचंही तसंच. तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला, हे शब्द एखाद्या मरणाऱ्या जवानाचे असावेत असं धरून आपण ते दरवर्षी एकमेकांना पाठवतो. त्या ओळी जॉन मॅक्सवेल एडमंड्स या इंग्रज अभिजात-भाषापंडिताच्या मानल्या जातात. त्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या आहेत आणि १९४४ च्या कोहिमाच्या लढाईशी त्यांची गाठ नंतर पडली. ओळी वाईट नाहीत. खंदकातल्या नाहीत, एवढंच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच परंपरेतून येऊ शकतो. तुकोबांच्या गाथेत क्षेपक अभंग आहेत, कुठले अस्सल नि कुठले नंतर घुसलेले यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण वारीत टाळ वाजायला लागले की कुणी पाठभेद विचारत बसत नाही. ‘तुका म्हणे’ आलं की माथा लवतो. मग कोलोनच्या या अनाम माणसाकडेच पुरावे का मागायचे?

हा आक्षेप मला बराच काळ पटत आला होता. पण दोन्हीत एक फरक आहे. अभंग साक्ष म्हणून गायला जात नाही. त्याची ताकद त्याच्या अनुभवात, शब्दांत आणि गाणाऱ्याच्या भक्तीत असते. देहूचा पत्ता काढून घेतला तरी तो उभा राहतो. या तीन ओळींचं तसं नाही. सूर्य दिसत नसला तरी सूर्यावर विश्वास आहे, हे वाक्य नुसतंच वाचा. वाढदिवसाच्या भेटकार्डावरही ते शोभून जाईल. त्यातला सगळा भार भिंतीचा आहे. आपण ते साक्ष म्हणून ऐकतो, आणि साक्ष म्हटली की साक्षीदार कुठं उभा होता हे विचारावंच लागतं. ज्यूंचा संहार झालाच नाही असं म्हणणारे लोक आजही आहेत. अशांच्या हातात खोट्या पत्त्याचं कोलीत देण्याचं काही कारण नाही.

झ्वी कोलित्स यांच्या गोष्टीचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १९४६ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या एका यिडिश (युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या) वृत्तपत्रात त्यांनी कथा छापली. वॉर्सा घेटोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, उठावात शेवटच्या घटका मोजणारा योस्ल राकोव्हर देवाशी भांडतो, त्याला जाब विचारतो, आणि तरीही त्याच्यावरची श्रद्धा सोडत नाही. काही वर्षांतच ही कथा लेखकाच्या नावाशिवाय, घेटोच्या ढिगाऱ्यात सापडलेला खरा कागद म्हणून फिरू लागली. तेल अवीवच्या एका नामांकित यिडिश नियतकालिकानंही ती १९५४ मध्ये तशीच छापली. जिवंत लेखकाला, ही मी लिहिली आहे, असं सांगत फिरावं लागलं आणि लोकांना ते रुचेना. तत्त्वज्ञ लेव्हिनास यांनी मात्र १९५५ मध्ये तिच्यावर बोलताना ही कल्पित कथा आहे हे मान्य केलं आणि तरीही तिला खरी म्हटलं. कथेला कथा म्हणूनही मान देता येतो, खोट्या जन्मदाखल्याची गरज नसते, हे त्यांनी दाखवून दिलं. कॉयरवाल्यांनी यातून काही घेतलेलं दिसत नाही.

आता खऱ्या भिंतीकडे येतो. पोलंडमधल्या झाकोपाने गावात ‘पॅलेस’ नावाची इमारत होती. तिथं गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, मुख्यालय आणि तळघरात कोठड्या होत्या. एका कोठडीच्या भिंतीवर हेलेना वांडा ब्वाझुशियाकूव्हना या अठरा वर्षांच्या मुलीनं सप्टेंबर १९४४ मध्ये लिहून ठेवलं: आई, रडू नकोस, स्वर्गाच्या राणी, मला सांभाळ. खाली नाव, वय आणि कैदेची तारीख. पोलिश संगीतकार हेन्रिक गोरेत्स्की यांनी १९७६ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या तिसऱ्या सिंफनीच्या मधल्या भागात हे शब्द घेतले. ही रचना कॉयरसाठी नाही, वाद्यवृंद आणि एकट्या सोप्रानोसाठी, म्हणजे उंच पट्टीच्या स्त्री-आवाजासाठी, आहे, पण युद्धकाळातल्या श्रद्धेचं संगीत म्हटलं की पहिलं नाव तिचंच निघतं. १९९२ च्या ध्वनिमुद्रणाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. आधुनिक पाश्चात्त्य संगीताच्या दुकानात असं क्वचितच घडतं.

गोरेत्स्की यांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट मात्र फारशी कुणी उद्धृत करत नाही. भिंतीवर इतरांनीही लिहिलं होतं. मी निर्दोष आहे, खुनी आहात तुम्ही, मला सोडवा, असं ओरडून ओरडून लिहिलेलं. हा सगळा आक्रोश त्यांना भावला नाही. या मुलीनं सूड मागितला नाही, ती स्वतःसाठी रडली नाही, तिला आईची काळजी होती, म्हणून त्यांनी तिचे शब्द निवडले. कलावंत म्हणून तो त्यांचा हक्कच. पण आपण श्रोत्यांनी याचा अर्थ नीट लावायला हवा. भिंत बोलत होती अनेक तोंडांनी, आणि संगीतानं त्यातलं एकच, सर्वांत शांत, तोंड उचललं. ओरडणाऱ्यांना चाल मिळाली नाही. मग दशकानुदशकं तेच तेच शांत आवाज ऐकून आपली अशी समजूत होते की कोठडीतली माणसं बहुधा शांतच असतात, छळाच्या टोकाला श्रद्धा आपोआप उमलते. तसं नव्हतं. शेजारच्याच विटेवर ‘खुनी’ लिहिलेलं होतं.

आशेच्या मजकुरांची ही निवड, आणि निवडीनंतरची कात्री, हाच माझ्या तक्रारीचा गाभा आहे. अ‍ॅन फ्रँकचं वाक्य घ्या. सगळं असूनही माणसं मनानं चांगलीच असतात असं मला वाटतं, हे तिनं १५ जुलै १९४४ च्या नोंदीत लिहिलं. तिची डायरी मराठीतही वाचली जाते, त्यामुळे हे वाक्य आपल्याकडच्या शाळांच्या फळ्यांवरही चढलेलं असतं. त्याच नोंदीत, थोड्याच ओळींनंतर, आपल्यालाही संपवून टाकणारा गडगडाट जवळ येतो आहे आणि लाखोंचं दुःख आपल्याला जाणवतं आहे, असंही ती लिहिते. तीन आठवड्यांनी, ४ ऑगस्टला, ती पकडली गेली आणि १९४५ च्या आरंभी बेर्गेन-बेल्सेनमध्ये मेली. ब्रिटिश संगीतकार जेम्स व्हिटबर्न यांची डायरीवरची ‘आनेलीस’ ही मोठी वृंदरचना २००५ मध्ये पहिल्यांदा पूर्ण रूपात सादर झाली. त्यांनी आणि संहिता रचणाऱ्या मेलनी चॅलेंजर यांनी भीतीला जागा दिली, पकडलं जाण्याचा प्रसंग घेतला, हे चांगलंच केलं. पण तासाभराची रचना किती कॉयर गाणार? फळ्यावरचं वाक्य घेतात आणि घरी जातात.

दीट्रिख बोनहॉफर यांच्या कवितेचं नशीब याहून गमतीचं आहे. हिटलरविरोधी कटाशी संबंध असलेला हा धर्मपंडित बर्लिनमध्ये गेस्टापोच्या कोठडीत होता. १९ डिसेंबर १९४४ च्या पत्रातून त्यानं आपल्या वाग्दत्त वधूला, मारिया फॉन वेडेमायरला, एक कविता पाठवली. चांगल्या शक्तींनी आपल्याला वेढलेलं आहे, देव संध्याकाळी आणि सकाळी आपल्यासोबत आहे, असं ती कविता म्हणते. पण मधल्याच कडव्यात तो काठोकाठ भरलेल्या कडू प्याल्याविषयी बोलतो, आणि तो दिलास तर न थरथरता, आभार मानून घेऊ, असं म्हणतो. ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गमध्ये त्याला फाशी दिलं. जर्मनीत ही कविता आज नववर्षाला, लग्नात, बारशाला, अंत्यविधीला गातात. १९७० मध्ये झीगफ्रीड फीट्स यांनी बांधलेल्या लोकप्रिय चालीत शेवटचं दिलासा देणारं कडवं पुन्हा पुन्हा ध्रुवपदासारखं येतं. म्हणजे कडू प्याला एकदा, आणि गोड घोट दर वेळी. चाल गुणगुणण्याजोगी आहे यात शंका नाही. तरी लग्नात ती ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना फाशीची तारीख ठाऊक असते, कोण जाणे.

आशेचं लिखाण नेहमी मनापासूनचंच असतं असंही नाही. आजच्या चेक देशातल्या तेरेझिन घेटोतून ऑशविट्झ-बिर्केनाऊला नेलेल्या आणि तिथं ‘कुटुंब छावणी’त ठेवलेल्या हजारो ज्यूंना मार्च १९४४ मध्ये नातलगांना पोस्टकार्डं लिहायला लावली. आम्ही बरे आहोत, असा मजकूर. तारखा पुढच्या, मार्चच्या अखेरच्या घालायला सांगितल्या होत्या. ८ मार्चच्या रात्री सुमारे ३,८०० माणसांना विषारी वायूनं मारलं. कार्डं नंतर पोचली. यातलं एखादं कार्ड उद्या कुणा भाबड्या संगीतकाराच्या हाती पडलं आणि मरणाच्या दारातही केवढी ही उमेद, म्हणून त्यानं त्याला चाल लावली तर? मारेकऱ्यांनी हात धरून लिहवून घेतलेली उमेद आपण चार आवाजांत गाऊ. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, कुणाच्या नजरेखाली लिहिलं, हे कळल्याशिवाय आशा कुठली आणि सक्ती कुठली हे ओळखताच येत नाही.

तेरेझिनचीच दुसरी बाजूही आहे. राफाएल शेख्टर नावाच्या कंडक्टरनं तिथं कैद्यांच्या कॉयरला वेर्दीचं रेक्वियम शिकवलं. सुमारे दीडशे गाणारे, स्वरलिपीची एकच प्रत, त्यामुळे बहुतेकांनी सगळं तोंडपाठ केलं. मध्येच माणसं पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांत चढवली जायची, कॉयर मोडायचा, शेख्टर पुन्हा उभा करायचा. कॅथलिक मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना ज्यूंनी का गावी, म्हणून घेटोतल्या ज्येष्ठांनी हरकत घेतली होती. तरी सोळा प्रयोग झाले. ऑक्टोबर १९४४ मध्ये शेख्टरलाही ऑशविट्झला नेलं. आज या प्रयोगांची आठवण ‘आशेचं संगीत’ म्हणून काढतात, आणि मला ते पूर्णपणे पटत नाही. ज्यांनी ते रेक्वियम ऐकलं असेल त्यांना ठाऊक आहे, त्यात क्रोधाचा दिवस येतो, ढोल बडवत येतो, एकही अपराध शिक्षेवाचून सुटणार नाही असं बजावतो. पहारेकऱ्यांच्या तोंडावर हे गाण्यात श्रद्धा असेल, पण त्यात खुन्नसही भरपूर होती. तिला नुसती आशा म्हणणं म्हणजे त्या माणसांना आपल्या सोयीपुरतं सौम्य करून घेणं.

सुमात्रातल्या पालेम्बांगजवळच्या जपानी छावणीची गोष्ट आपल्याकडे फार कमी माहीत आहे. तिथं ब्रिटिश, डच आणि ऑस्ट्रेलियन बायका-मुलं डांबलेली होती. मार्गारेट ड्रायबर्ग या मिशनरी शिक्षिकेनं १९४२ मध्ये कैद्यांसाठी एक प्रार्थनागीत लिहिलं, आणि ते दर रविवारी गायलं जाऊ लागलं. पुढं तिनं आणि नोरा चेंबर्सनं मिळून एक वेगळाच कॉयर उभारला. वाद्यं नव्हती, भाषा एक नव्हती, म्हणून सिंफनीतले आणि पियानोचे तुकडे शब्दांवाचून, ‘ऊ’ आणि ‘आ’वर गायचे. ड्रायबर्गनं बराचसा मसाला आठवणीतून कागदावर उतरवला. डिसेंबर १९४३ मध्ये पहिली मैफल झाली. पुढं उपासमार आणि तापानं एकेक आवाज गळत गेला, १९४५ मध्ये गाणं बंद पडलं, आणि एप्रिलमध्ये ड्रायबर्गही गेली. इथं गीतकार कोण, चाल कुणाची, कुठल्या वर्षी, हे सगळं ठाऊक आहे. कागद वाचले, आणि ते आज स्टॅनफर्ड विद्यापीठात आहेत. एवढं पक्कं असूनही दहा कॉयर तळघरातल्या तीन ओळी गातात तेव्हा एखादा हे गीत गातो. ऑशविट्झ हे नाव नाही ना त्यात.

आशेला कात्री न लावता ती कशी गावी, याचा नमुना ब्रिटिश संगीतकार बेंजामिन ब्रिटननं घालून दिला आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्री कॅथीड्रलच्या जागी नवं कॅथीड्रल उभं राहिलं, तेव्हा ३० मे १९६२ ला त्याचं ‘वॉर रेक्वियम’ तिथं पहिल्यांदा गायलं गेलं. लॅटिन प्रार्थना कॉयर गातो, आणि मधूनमधून पहिल्या महायुद्धातला सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन याच्या खंदकातल्या कविता येऊन तिला छेद देतात. देवानं अब्राहमच्या वंशाला दिलेलं वचन लॅटिनमध्ये गाऊन होतं न होतं, तोच ओवेनचा अब्राहम, बायबलातल्यासारखा मुलाचा बळी देताना थांबत नाही, देवदूताचं न ऐकता त्याला मारतो, आणि त्याच्यासोबत युरोपचं अर्धं बीज एकेक करून मारतो. तेवढ्यात दुरून लहान मुलांचा कॉयर निरागसपणे अर्पणाचे शब्द गात राहतो. श्रद्धा आणि तिच्यावरचा घाव एकाच वेळी कानावर येतात. श्रोत्याला दोन्ही झेपतात, हे ब्रिटननं गृहीत धरलं. आपले कॉयर श्रोत्याला तेवढं शहाणं का समजत नाहीत?

ओवेनचं आपल्याशीही एक नातं आहे. युद्धबंदीच्या आठवडाभर आधी, ४ नोव्हेंबर १९१८ ला तो मारला गेला. १९२० मध्ये त्याच्या आईनं रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहिलं. शेवटचा निरोप घेताना मुलानं गीतांजलीतली ओळ म्हटली होती: मी इथून जाईन तेव्हा हाच माझा निरोपाचा शब्द असो, की मी जे पाहिलं त्याला तोड नाही. त्याची खिशातली वही घरी परत आली तेव्हा तिच्यात हीच ओळ त्याच्या अक्षरात होती, आणि खाली ठाकुरांचं नाव. ही पूर्ण कविता कुठल्या पुस्तकात मिळेल, असं त्या आईनं पत्रात विचारलं होतं. आघाडीवर निघालेल्या शिपायानं ओळीखाली कवीचं नाव लिहिण्याची तसदी घेतली. मुलगा गमावलेल्या आईला पुस्तकाचं नाव हवं होतं. आणि आपल्या वातानुकूलित सभागृहांतल्या कार्यक्रमपत्रिकांना तेवढी फुरसत नसते.

कंडक्टर मंडळी म्हणतील, लोक गाणं ऐकायला येतात, व्याख्यान ऐकायला नाही. मान्य. ऑशविट्झची भाकडकथा सांगायला जी तीस सेकंदं लागतात तेवढ्यातच, कोलोनचं तळघर, लेखक अज्ञात, हेही सांगून होतं. मुंबईत परांज्योती अकॅडमी कोरससारख्या वृंदांनी आणि गोव्यात चर्चच्या संगीतशाळांतल्या मेस्त्यांनी कितीतरी पिढ्यांना चार आवाजांत गायला शिकवलं. सूर किंचित खाली गेला तर तिथं खपवून घेत नाहीत. तीच शिस्त शब्दांना लावायची आहे. शाळांमध्ये तर विशेष, कारण मुलं जे गातात ते त्यांना जन्मभर खरं वाटतं. तेरेझिनमधली फुलपाखराची कविता मुलांचे कॉयर ‘घेटोतल्या मुलाची कविता’ म्हणून गातात. ती लिहिणारा पावेल फ्रीडमन तेव्हा एकवीस वर्षांचा होता. तेविसाव्या वर्षी मारला गेलेला तरुण कमी करुण असतो, असं आपल्याला वाटतं की काय?

आपल्याकडच्या संगीतकारांपुढे तर न हाताळलेलं केवढं तरी पडलं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदुस्थानी शिपायांच्या पत्रांचे उतारे सेन्सॉरच्या अहवालांत इंग्रजी भाषांतरात उरले आहेत. मूळ पत्रं बहुतेक गेली. पुष्कळ शिपायांना लिहिता येत नव्हतं, ते दुसऱ्याकडून लिहवून घेत. सेन्सॉर वाचणार हे ठाऊक असल्यानं ते सांकेतिक बोलत. काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतात, असं एक जण घरी कळवतो. काळी मिरी म्हणजे हिंदुस्थानी पलटणी आणि लाल मिरची म्हणजे गोरे. अशा पत्रांत देवावरचा भरवसाही आहे आणि गावाकडे कुणी भरती होऊ नका असा इशाराही. कुणी मराठीत किंवा कोकणीत त्यांना चाल लावायला घेतली, तर दोन्ही घ्यावं, आणि कार्यक्रमपत्रिकेत तीन माणसांची नोंद करावी: सांगणारा शिपाई, लिहून देणारा लेखनिक आणि भाषांतर करणारा सेन्सॉरचा कारकून. तिघांपैकी निदान दोघांची नावं बहुधा सापडणार नाहीत. तिथं रेघ ओढून जागा मोकळी छापावी, सोयीचं मोठं नाव घालू नये.